कुलूपबंद टिपणांपासून खुल्या वर्गापर्यंत : अणुकेंद्रावरील व्याख्यानांचा प्रवास

१/
बीएस्सीच्या विद्यार्थ्याने न्यूटनचे नियम किंवा विद्युतचुंबकत्व यांवरील व्याख्याने इंटरनेटवर शोधली, तर पाहून संपणार नाहीत इतकी सापडतात. तोच विद्यार्थी अणुकेंद्र आणि मूलकण यांकडे वळला की यादी झपाट्याने आटते. जे मिळते त्यातले काही फार वरच्या पातळीवर सुरू होते, तर काही नुसत्या कुतूहलापाशीच थांबते. या टंचाईला इतिहास आहे. या विषयातील एक अत्यंत महत्त्वाची व्याख्यानमाला कुलूपबंद अवस्थेतच जन्माला आली होती. पुढे ही कुलपे कोणी उघडली, का उघडली आणि अजून काय बंद राहिले आहे, याविषयी हा थ्रेड.

२/
एप्रिल १९४३. न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोसच्या पठारावर प्रयोगशाळेच्या इमारती अजून पुऱ्या व्हायच्या होत्या. देशभरातून बोलावून आणलेल्या शास्त्रज्ञांना आपण नेमके काय करायला जमलो आहोत, हे सांगणे आवश्यक होते. रॉबर्ट ओपेनहायमर यांनी हे काम रॉबर्ट सर्बर यांच्यावर सोपवले. सर्बर यांनी पाच व्याख्याने दिली. आसपास कामगारांची ये-जा सुरू असल्याने 'बॉम्ब' हा शब्द उच्चारू नये असा निरोप त्यांना मिळाला. तेव्हापासून तिथे 'गॅजेट' हा शब्द रूढ झाला.

३/
एडवर्ड कॉन्डन यांनी या व्याख्यानांची टिपणे काढली. ती भरली अवघी २४ पाने. विखंडनातून किती ऊर्जा मिळते, किती न्यूट्रॉन बाहेर पडतात, साखळी प्रक्रिया टिकण्यासाठी किती वस्तुमान लागते, याचे गणित त्यांत होते. पुढे लॉस अलामोसला येणाऱ्या नव्या शास्त्रज्ञाच्या हाती प्रथम ही टिपणे ठेवली जात. 'लॉस अलामोस प्रायमर' या नावाने ती ओळखली जातात. त्यांच्यावरील गोपनीयतेचा शिक्का १९६५ साली उठला. म्हणजे एका व्याख्यानमालेला भिंतीबाहेर येण्यास २२ वर्षे लागली.

४/
विषय मुळात गुप्त नव्हता. १९३६-३७ मध्ये हान्स बेथे यांनी, काही भागांत रॉबर्ट बाकर आणि स्टॅन्ली लिव्हिंगस्टन यांच्या साथीने, अणुकेंद्राविषयी तोवर ज्ञात असलेल्या ज्ञानाचा विस्तृत आढावा एका नियतकालिकातून छापला होता. भौतिकीच्या वर्तुळात त्याला 'बेथे बायबल' म्हणत. महायुद्धाने हा खुला व्यवहार थांबवला. युद्ध संपल्यानंतर प्रश्न उभा राहिला तो हा, की जे ज्ञान काही वर्षे मोजक्या लोकांपुरते राहिले, ते पुन्हा वर्गात कसे आणायचे?

५/
एक उत्तर शिकागोत मिळाले. १९४९ साली एन्रिको फर्मी यांनी शिकागो विद्यापीठात अणुकेंद्रीय भौतिकीचा अभ्यासक्रम शिकवला. जे ओरिअर, आर्थर रोझेनफेल्ड आणि रॉबर्ट श्लूटर या तीन विद्यार्थ्यांनी वर्गातील टिपणे नीट संकलित केली आणि विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने ती छापली. ज्यांनी फर्मींना कधी पाहिले नव्हते, अशा असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत त्यांचा वर्ग या पुस्तकातून पोहोचला. मात्र कागदावर समीकरण उतरते. ते लिहिण्याआधी शिक्षक कुठे थांबला, कोणती संज्ञा त्याने किरकोळ म्हणून सोडली आणि का, हे उतरत नाही.

६/
४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची काळजी वाटू लागली. बरोबर वर्षभराने, ६ ऑक्टोबर १९५८ रोजी, एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने 'कॉन्टिनेंटल क्लासरूम' सुरू केले. पहिल्याच अभ्यासक्रमाचे नाव होते 'अ‍ॅटॉमिक एज फिजिक्स'. शिकवणारे होते बर्कलीचे प्राध्यापक हार्वी व्हाइट. वेळ पहाटे साडेसहाची, सोमवार ते शुक्रवार.

७/
आरंभी अभिजात भौतिकीची उजळणी आणि मग अणू व अणुकेंद्र, असा त्याचा क्रम होता. मुख्य रोख शाळांतील विज्ञानशिक्षकांवर होता. त्यांचेच ज्ञान जुने झाले आहे, अशी भीती होती. शेकडो महाविद्यालयांनी या प्रक्षेपणाला अभ्यासक्रमाची मान्यता दिली. अणुकेंद्रावरील पदवी पातळीचे व्याख्यान प्रथमच एवढ्या घरांत शिरले. पण पाहणाऱ्याला ते थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. एखाद्या दिवशी जाग आली नाही, तर त्या दिवसाचे अणुकेंद्र हुकले.

८/
याच सुमारास एमआयटीमध्ये जेरॉल्ड झकारायस यांच्या पुढाकाराने 'फिजिकल सायन्स स्टडी कमिटी' शालेय भौतिकीची नव्याने मांडणी करत होती. तिच्या प्रेरणेने शैक्षणिक चित्रपटांची लाट आली. या परंपरेतील एक चित्रपट आजही अभ्यासण्याजोगा आहे. डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी १९६२ च्या सुमारास म्युऑन या मूलकणावर तो केला. प्रश्न साधा होता : वेगाने जाणाऱ्या कणाचे घड्याळ खरोखरच मंद चालते का?

९/
न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टन या सुमारे १९०० मीटर उंच शिखरावर त्यांनी उपकरण मांडले. आकाशातून येणारे म्युऑन मोजले, तर तासाला ५६० च्या आसपास भरले. म्युऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद; शिखरापासून समुद्रसपाटीपर्यंतचा प्रवास सुमारे ६ मायक्रोसेकंदांहून अधिक. साध्या हिशेबाने खाली तासाला जेमतेम २७ म्युऑन पोहोचायला हवे होते. प्रत्यक्षात ४०० हून अधिक मोजले गेले. म्युऑनच्या घड्याळात तेवढा वेळ लोटलाच नव्हता.

१०/
या चित्रपटाचे मोल निष्कर्षात नाही, तो निष्कर्ष पुस्तकात होताच. मोल आहे ते मोजणी डोळ्यांसमोर होण्यात. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकेक ठिपका उमटतो, त्याची नोंद होते, आणि 'मूलकण' ही संज्ञा मोजता येणारी वस्तू होते. अणुकेंद्र आणि मूलकण यांच्या अध्यापनातील मूळ अडचण हीच आहे. झोके घेणारा लंबक वर्गात टांगता येतो. क्षय पावणारा म्युऑन वर्गात दाखवणे सोपे नाही. म्हणून या विषयाला चलच्चित्राची गरज इतर कोणत्याही विषयापेक्षा अधिक होती. पण चित्रपटाची रिळे मिळवायला पैसा लागे आणि दाखवायला प्रोजेक्टर.

११/
१९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत रिचर्ड फाइनमन यांनी पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना भौतिकी शिकवली. व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण झाले आणि फळ्याची छायाचित्रे घेतली गेली. त्यांतून तीन खंडांचा सुप्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. २०१३ पासून कॅलटेकने तो इंटरनेटवर विनामूल्य वाचण्यासाठी ठेवण्यास सुरुवात केली. ग्रंथाचा तिसरा खंड पुंजयामिकीपर्यंत जातो. अणुकेंद्रीय भौतिकीचा स्वतंत्र, सलग अभ्यासक्रम मात्र त्यात नाही. विद्यार्थ्याला उंबरठ्यापर्यंत आणून सोडणारा हा ग्रंथ आहे.

१२/
खुद्द फाइनमन या प्रयोगावर फारसे समाधानी नव्हते. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक उणीव नोंदवली : विद्यार्थ्यांकडून व्याख्यात्याला काही प्रतिसाद मिळत नव्हता, त्यामुळे आपले बोलणे कितपत पोहोचते आहे हे कळायला मार्ग नव्हता. उत्तम शिक्षण व्हायचे तर शिक्षक आणि विद्यार्थी यांचा थेट संवाद हवा, असे त्यांचे मत होते. प्रस्तावना १९६३ ची आहे. चित्रमुद्रित अध्यापनावरचा सर्वांत टोकदार आक्षेप त्या युगाच्या उंबरठ्यावरच नोंदवला गेला होता.

१३/
पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, फाइनमन यांनी कॉर्नेल विद्यापीठात सात सार्वजनिक व्याख्याने दिली. बीबीसीने ती चित्रित केली. 'द कॅरेक्टर ऑफ फिजिकल लॉ' या नावाने त्यांचे पुस्तक झाले आणि ते सर्वत्र पोहोचले. चित्रफिती मात्र मोजक्या संस्थांच्या कपाटांत राहिल्या. बिल गेट्स यांनी १९८० च्या दशकात त्या पाहिल्या आणि कालांतराने त्यांचे हक्क विकत घेतले. जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'प्रोजेक्ट तुवा' या नावाने ती सातही व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य खुली केली.

१४/
या घटनेचे दोन अर्थ निघतात. एक असा, की ४५ वर्षे बंद असलेले दार एका धनवंताच्या आवडीमुळे उघडले. ती आवड नसती, तर दार आणखी किती काळ बंद राहिले असते कोण जाणे. दुसरा असा, की दार उघडले तरी उंबरठा उरलाच. ती व्याख्याने पाहण्यासाठी आरंभी मायक्रोसॉफ्टचेच 'सिल्व्हरलाइट' हे सॉफ्टवेअर लागे. त्या सॉफ्टवेअरचे आयुष्य २०२१ मध्ये संपले. फाइनमन यांची व्याख्याने त्यानंतरही टिकली, ती इतर मार्गांनी उपलब्ध झाल्यामुळे.

१५/
भारतात या विषयाचे केंद्र मुंबई होते. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. पुढे तुर्भ्याला अणुऊर्जा प्रतिष्ठान उभे राहिले आणि १९५७ मध्ये तेथील प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. देशभरातून निवडलेल्या पदवीधरांना तिथे अणुविज्ञानाचे कसून शिक्षण मिळू लागले. ज्यांची निवड झाली त्यांच्यासाठी हा उत्तम वर्ग होता. पण तालुक्याच्या महाविद्यालयात तोच विषय शिकणाऱ्याला त्या वर्गाचा आवाज ऐकू येत नव्हता. त्याच्यापाशी होते एखादे पाठ्यपुस्तक, आणि बहुधा गायगर गणक नसलेली प्रयोगशाळा.

१६/
हे अंतर कमी करण्याच्या प्रयत्नांत एक मूलकणशास्त्रज्ञच पुढे होते. यश पाल हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरण आणि मूलकण यांवर संशोधन करत. १९७३ मध्ये अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची धुरा त्यांच्याकडे आली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले. मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे या प्रयोगाच्या सूत्रधारांपैकी एक होते.

१७/
'साइट'चे विषय शेती, आरोग्य आणि प्राथमिक शिक्षण हे होते. उच्च शिक्षणाची पाळी १९८४ मध्ये आली. त्या वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. त्यासाठी इन्सॅट-१बी उपग्रह वापरला गेला आणि कार्यक्रमनिर्मितीसाठी पुण्यासह काही विद्यापीठांत केंद्रे उभी राहिली. १९८६ मध्ये यश पाल स्वतः आयोगाचे अध्यक्ष झाले. कार्यक्रमांचा हेतू अभ्यासक्रम पुरा करणे हा नव्हता. ज्ञानाची कक्षा रुंदावणे हा होता. त्यामुळे त्यांतून जिज्ञासा जागी होई. अल्फा क्षयाचे गणित मात्र तरीही पुस्तकातच शोधावे लागे.

१८/
नेमके याच दशकाच्या अखेरीस, मूलकणांच्या अभ्यासातूनच, सगळी परिस्थिती पालटणारे साधन जन्मले. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत हजारो शास्त्रज्ञ वेगवेगळ्या देशांतून आणि वेगवेगळ्या संगणकांवर काम करत. एकमेकांची कागदपत्रे शोधणे ही रोजची डोकेदुखी होती. त्यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव मांडला. त्यातून वर्ल्ड वाइड वेब उभे राहिले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे मूळ सॉफ्टवेअर कोणत्याही मोबदल्याविना सर्वांना मोकळे करून दिले.

१९/
त्या निर्णयाचे महत्त्व सांगावे तितके थोडे. वेबवर शुल्क बसले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. सर्नने पुढे स्वतःचे वर्गही याच मार्गाने खुले केले. १९६२ पासून तिथे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम चालतो. त्यातील मूलकण, शोधक यंत्रे, त्वरणयंत्रे यांवरील व्याख्याने मुद्रित होऊन इंटरनेटवर येऊ लागली. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली, ती सभाही जगभर थेट पाहता आली.

२०/
वेब आले म्हणून विद्यापीठे आपोआप उघडली नाहीत. १९९९ च्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांना इंटरनेटवरील शिक्षणात उत्पन्नाचे नवे साधन दिसत होते. कोलंबिया विद्यापीठाने 'फॅदम' ही व्यावसायिक कंपनी काढली. ती २००३ मध्ये बंद पडली. एमआयटीनेही एक समिती नेमली होती. नफ्याचे गणित जमत नाही हे तिच्या ध्यानात आले, आणि मग उलटाच विचार पुढे आला : विकायचे नसेल, तर सरळ देऊनच का टाकू नये? ४ एप्रिल २००१ रोजी अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी 'ओपनकोर्सवेअर' जाहीर केले.

२१/
आरंभी त्यात मुख्यतः टिपणे, उदाहरणे आणि प्रश्नपत्रिका होत्या. चित्रमुद्रण खर्चिक असल्याने थोडेच होते. त्या थोड्यांत वॉल्टर ल्युइन यांची १९९९ साली मुद्रित झालेली भौतिकीची व्याख्याने जगभर गाजली. डिसेंबर २०१४ मध्ये ल्युइन यांनी एका ऑनलाइन विद्यार्थिनीचा लैंगिक छळ केल्याचे चौकशीत आढळले, आणि एमआयटीने ती व्याख्याने आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली. त्यांच्या प्रती इतरत्र उरल्या. संस्थेने दिलेले संस्था मागेही घेऊ शकते, आणि खुल्या वर्गातही विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतोच, या दोन्ही गोष्टी त्यातून जगासमोर आल्या.

२२/
भारतात २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटेल' सुरू केले. त्या सातांत मुंबईची आयआयटीही होती. केंद्र सरकारच्या निधीतून शेकडो अभ्यासक्रमांची संपूर्ण व्याख्याने मुद्रित झाली आणि यूट्यूबवर विनामूल्य आली. यूट्यूबवर एके काळी सामान्य वापरकर्त्याच्या चित्रफितीला दहा मिनिटांची मर्यादा होती, हे आठवले म्हणजे तासातासाच्या सलग व्याख्यानांचे अप्रूप कळते. मद्रास आयआयटीचे प्रा. व्ही. बालकृष्णन यांचे पुंजभौतिकीचे वर्ग देशाबाहेरही पाहिले गेले.

२३/
याच मालिकेत कानपूर आयआयटीचे प्रा. एच. सी. वर्मा यांचा 'न्यूक्लियर फिजिक्स : फंडामेंटल्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स' हा अभ्यासक्रम आला. 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' या पाठ्यपुस्तकामुळे वर्मा हे नाव अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना घरच्यासारखे झाले आहे. त्यांचे संशोधन प्रायोगिक अणुकेंद्रीय भौतिकीतले. अणुकेंद्राचा आकार कसा मोजला गेला इथपासून ते बंधनऊर्जा, ड्युटेरॉन, कवच प्रतिमान, क्षय, विखंडन आणि संमीलन इथपर्यंत ते फळ्यावर सावकाश नेतात. या विषयाचे पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असे सलग व्याख्यान भारतीय उच्चारांत उपलब्ध झाले, ही लहान गोष्ट नव्हती.

२४/
तरीही टंचाई का? पहिले कारण विषयाच्या घडणीत आहे. पुंजयामिकी न शिकता अल्फा कण ऊर्जेचा अडसर कसा ओलांडतो, हे समजत नाही. त्यामुळे पदवीच्या अखेरच्या टप्प्यावरच हा विषय येतो आणि तोवर विद्यार्थी गळत गेलेले असतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात अभियांत्रिकीचेही शेकडो विद्यार्थी बसतात. शेवटच्या वर्गात मोजकेच. कॅमेरा जिथे गर्दी असते तिथे आधी जातो. दुसरे कारण वर्गीकरणाचे आहे. हा एक विषय विद्यापीठांच्या तीन वेगवेगळ्या कप्प्यांत विभागला गेला आहे, आणि शोधणारा बहुधा एकच कप्पा उघडतो.

२५/
पहिला कप्पा अभियांत्रिकीचा. एमआयटीमध्ये मायकेल शॉर्ट यांनी २०१६ साली शिकवलेला २२.०१ हा अभ्यासक्रम अणुअभियांत्रिकी विभागाचा आहे. म्हणून भौतिकीच्या यादीत तो दिसत नाही. पण बंधनऊर्जेचे अर्धानुभविक सूत्र, अणुकेंद्रीय अभिक्रियांचा ऊर्जाहिशेब, किरणोत्सर्गाचा पदार्थावरील परिणाम हे बीएस्सीच्या अभ्यासक्रमातील मुद्दे त्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी उलगडले आहेत. गुवाहाटी आयआयटीचा 'न्यूक्लियर अँड पार्टिकल फिजिक्स' हा एनपीटेलवरील अभ्यासक्रम मात्र दोन्ही विषय एकाच नावाखाली ठेवतो, त्यामुळे चटकन सापडतो.

२६/
दुसरा कप्पा पदव्युत्तर. २०२० च्या महासाथीत वर्ग बंद झाले, तेव्हा एमआयटीचे मार्कुस क्लुटे यांनी ८.७०१ या अभ्यासक्रमाची व्याख्याने छोट्या छोट्या चित्रफितींत तयार केली. महासाथ नसती तर तो वर्ग कदाचित चार भिंतींतच राहिला असता. तिसरा कप्पा प्रौढशिक्षणाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड ससकिंड यांनी नोकरी-व्यवसायातील आणि निवृत्त जिज्ञासूंसाठी दिलेली व्याख्याने मुद्रित झाली. मूलकणांवरील त्यांची मालिका २००९ मध्ये सुरू झाली. श्रोते विद्यार्थी नव्हते, तरी गणित टाळलेले नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला ती फार उपयोगी पडते.

२७/
ही तिहेरी विभागणी एकदा ध्यानात आली की शोधाची पद्धत बदलते. अणुकेंद्रासाठी अभियांत्रिकीचे आणि एनपीटेलचे वर्ग, शोधक यंत्रे व त्वरणयंत्रे यांसाठी सर्नची उन्हाळी व्याख्याने, मूलकणांच्या सिद्धान्तासाठी ससकिंड, आणि पुढची पायरी म्हणून क्लुटे, असा क्रम लावता येतो. 'न्यूक्लियर अँड पार्टिकल फिजिक्स' एवढेच शब्द टाइप करून थांबणाऱ्याला यातले निम्मेही दिसणार नाही. पूर्वी व्याख्यान गोपनीयतेने झाकले जाई. आज ते नावामुळे आणि विभागामुळे झाकले जाते.

२८/
उरलेले सर्वांत जड कुलूप भाषेचे आहे. टाटा संस्थेतील मूलकणशास्त्रज्ञ भालचंद्र उदगावकर हे मराठी विज्ञान परिषदेच्या कार्यात आणि विज्ञानशिक्षणाच्या चळवळीत आयुष्यभर रमले. मराठीत अणुकेंद्र, विखंडन, संमीलन, अर्धायुष्य हे शब्द रुळले आहेत. शब्दांची वानवा नाही. पण पदवी पातळीची सलग चित्रमुद्रित मालिका मराठीतून शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. बारावीपर्यंत कनिष्ठ महाविद्यालयात मराठी-इंग्रजी मिश्र बोलीत विज्ञान शिकलेल्या मुलीला कवच प्रतिमान आणि अनोळखी उच्चार या दोन्हींशी एकाच वेळी झुंजावे लागते.

२९/
इथे 'मोफत' आणि 'खुले' यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. मोफत चित्रफीत पाहता येते. खुल्या परवान्याची चित्रफीत उतरवून घेता येते आणि तिचे भाषांतरही करता येते. ओपनकोर्सवेअरचे साहित्य अशाच परवान्याखाली आहे : मूळ श्रेय द्यावे, नफ्यासाठी वापरू नये आणि केलेले भाषांतरही तितकेच खुले ठेवावे, एवढ्याच अटी. एनपीटेलनेही काही अभ्यासक्रमांच्या लिखित संहिता मराठीसह भारतीय भाषांत आणायला घेतल्या. म्हणजे अणुकेंद्रावरील उत्तम व्याख्यानाला मराठी उपशीर्षके जोडण्यासाठी आज कोणाची मनधरणी करावी लागत नाही. ते काम करणारे हात मात्र हवेत.

३०/
आणि फाइनमन यांची १९६३ ची तक्रार? ती अजून मिटलेली नाही. पडद्यावरचा शिक्षक समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहू शकत नाही. व्याख्यान ऐकताना सगळे कळले असे वाटते. युरेनियम-२३८ ची बंधनऊर्जा स्वतः काढायला बसले की कुठे अडले ते कळते. म्हणूनच ओपनकोर्सवेअरमधील उदाहरणसंग्रह आणि एनपीटेलचे साप्ताहिक स्वाध्याय हे चित्रफितींइतकेच मौल्यवान आहेत. आणि म्हणूनच तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षकाचे स्थान कमी झालेले नाही. व्याख्यान आता दूरचा कोणीही देऊ शकतो. अडलेल्या ओळीवर बोट ठेवणारा माणूस जवळच लागतो.

३१/
१९४३ ची ती २४ पाने, १९५८ चा पहाटेचा वर्ग, कपाटात राहिलेल्या चित्रफिती, १९९३ चा सर्नचा कागद, २००१ ची एमआयटीची घोषणा आणि २००३ चे एनपीटेल यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तंत्रज्ञान बहुतेक वेळा आधीच हजर होते. दार उघडले ते कोणीतरी 'हे सर्वांना द्यावे' असे ठरवले तेव्हा. पुढची पाळी मराठीतून शिकवणाऱ्यांची आहे. फळा आहे, मोबाइलचा कॅमेरा आहे, शब्द आहेत. अणुकेंद्रावरच्या पहिल्या सलग मराठी वर्गाला आता कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही.

(समाप्त)